चौथ्या मजल्यावरचा उकाडा

ही गोष्ट कुणाला पटणार नाही. पण तिच्यात एक शब्द जरी खोटा सापडला, तर माझी बत्तिशी काढून या चहाच्या किटलीत टाका. तशीही ती विकतचीच आहे.

आपल्या तैपेईतल्या एका उंच इमारतीत वीज वाया जात होती. गुप्तहेर न्येहबाई आपला मदतनीस पाओ याला घेऊन पोचल्या, तेव्हा व्यवस्थापक खुंग पडद्यासमोर बसले होते. विजेची उधळपट्टी पकडायला त्यांनी नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. पडद्यावर सगळे मजले हिरवे. चौथा तेवढा लालभडक.

"चौथा रिकामाच आहे," खुंग म्हणाले. "चार म्हणजे मरणाचा आकडा, उच्चारच तसा; भाड्याने कोण घेणार? तरी तापमान एकतीस, आणि एसी अहोरात्र पळतोय. माणसांशिवाय एवढा उकाडा येतो? एसी सांभाळणारी बीश्या तिथे गुपचूप माणसं ठेवतेय. संध्याकाळी तिला कायमची घरी पाठवणार."

"तुम्ही वर जाऊन पाहिलंत?"

"मी? चौथ्यावर?" खुंग यांनी गळ्यातला ताईत चाचपला. "पडद्यावर दिसतंय की सगळं!"

बीश्या खाली बाकावर बसली होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"हे कधी सुरू झालं?" न्येहबाईंनी विचारलं.

"थडगी साफ करायच्या सणाला. मी तेव्हा गावी होते. आईच्या थडग्यापाशी."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल." आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. "वर जाऊन बघते म्हटलं, तर साहेबांनी किल्लीच काढून घेतली."

पहारेकरी याओ मात्र बोलका निघाला. "वरती मुंगीसुद्धा जात नाही, ताई! सणाच्या दिवशी मीच गेलो होतो, श्वास रोखून. कॅमेऱ्यांचा सर्व्हर आहे ना तिथे? तो न अडता चालावा म्हणून त्याच्यावर ठेवतात ते खाऊचं पाकीट शिळं झालं होतं. शिळं ठेवलं की यंत्र रुसतं, ठाऊक आहे ना? नवं ठेवलं. हिरवंच हो, दुसरा रंग यंत्राला चालत नाही! आणि चांगलं थोरलं. देवाचं आणि यंत्राचं काम, तिथे हात आखडू नये."

दुपारी जेवणं झाली. रोजच्या डुलकीसाठी दिवे मालवले गेले आणि सगळी इमारत टेबलांवर डोकी टेकून झोपली. न्येहबाई आणि पाओ याओंकडची किल्ली घेऊन चौथ्यावर गेले.

काय ती थंडी! पाओची शिंक हवेतच गोठली आणि टणकन फरशीवर पडली.

"बाई, माणसं पळाली वाटतं."

"एकतीस अंशांत शिंक गोठते का रे? तापमान मोजणारी पांढरी डबी शोध."

पाओ चारी भिंती फिरून आला. "कुठेच दिसत नाही. कोपऱ्यात सर्व्हर घुमतोय, त्याच्यावर भिंतीला टेकून ते फुगलेलं पाकीट. बाकी शुकशुकाट."

न्येहबाई हसल्या.

दिवे लागल्यावर त्यांनी सगळ्यांना पडद्यासमोर उभं केलं आणि पाओला वर पाठवलं. थोड्या वेळाने चौथा मजला लालाचा पिवळा झाला, मग हिरवा.

"उकाडा मजल्यावर नव्हताच," त्या म्हणाल्या. "तो एका पाकिटामागे होता. डबी सर्व्हरच्या जरा वर, भिंतीवर आहे. जुनं पाकीट तिच्याखाली मावायचं. याओंनी थोरलं आणलं, तेव्हा डबी झाकली गेली आणि सर्व्हरचे गरम श्वास मागे कोंडले. डबी म्हणाली एकतीस. एसी बिचारा धावत सुटला. त्या दिवशी बीश्या गावी होती. आणि खुंगसाहेब, तुम्ही एक जिना चढला असतात, तर दारातच कुडकुडला असतात."

खुंग यांनी मान खाली घातली आणि किल्ली बीश्याच्या हातात ठेवली. ती हातात आली आहे, हे तिला जरा उशिरानेच कळलं.

वरून उचललेलं पाकीट पाओने वाटेत खाऊन टाकलं. सर्व्हरवर पुन्हा काही ठेवलं नाही. आणि तो आजतागायत एकदाही न अडता—

"थांबा, आबा!" समोर चहा पीत ऐकणाऱ्या अफेनमावशींनी कप आपटला. "शिंक गोठली, ऐकून घेतलं. पण पाकीट उचललं आणि यंत्र चालूच राहिलं? अहो, दुसऱ्याच दिवशी बंद पडलं असतं, आणि पहिली घरी गेली असती ती बीश्याच! साफ खोटं! काढा ती बत्तिशी!"