शेवटचा येईपर्यंत

मी मोटरसायकल घ्यायला गेले ती एका बुधवारी, दुपारच्या सुट्टीत, कोपऱ्यावरून दूध आणायला जावं तशी. चष्म्याच्या दुकानात मी लोकांची नजर तपासते. सकाळभर 'आता दिसतंय का, आणि आता?' असं विचारून झालं होतं. पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि निघाले. दिवा लावलेलाच राहू द्या, सांगते सगळं.

नवरा जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते आणि मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ताट समोर आलं की जेवायचे, पाठ टेकली की झोपायचे. मी रडत नाही म्हणून नणंद माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायची. बघू दे म्हटलं. तिची नजर तपासायचं काम काही माझ्याकडे नव्हतं.

मिस्त्रींचं दुकान एका गल्लीत अगदी आत. गाड्यांची दुरुस्ती तिथेच, जुन्या गाड्यांची विक्रीही तिथेच. माझ्या नवऱ्याचे ते रविवारचे सोबती. मातीच्या, खडकाळ वाटांवर मोटरसायकली उडवणाऱ्या मंडळींचा एक क्लब होता, त्यात दोघेही होते.

"मला मातीतली गाडी हवीय," मी म्हणाले.

मिस्त्रींच्या हातातला पाना हातातच राहिला. "कुणासाठी, वहिनी?"

"माझ्यासाठी."

"दादांची आहे की घरी."

"तिच्यावर बसले की माझे पाय जमिनीला लागत नाहीत. दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते मी."

एरवी ते हसले असते. त्या दिवशी त्यांनी पाना खाली ठेवला आणि गाड्या दाखवायला लागले. एक गाडी सडपातळ, चिखल उडवायलाच जन्माला आलेली, पण तिला ना दिवा, ना नंबर. "ही फक्त शर्यतीच्या मैदानात. रस्त्यावर आणलीत तर पहिल्याच चौकात पोलीस उचलून नेतील. टेम्पोत घालून न्यायची आणि टेम्पोतूनच परत आणायची." दुसरी दणकट होती, लांबच्या प्रवासाची. तिच्याकडे बघूनच माझी कंबर दुखली. शेवटी त्यांनी एक मधल्या चणीची गाडी बाहेर काढली. नंबर होता, दिवा होता, टायर खोल खाचांचे. ती त्यांनी अलगद जमिनीवर आडवी केली.

"उचला."

"आत्ता?"

"पडणार तर तुम्ही आहातच. जी एकटीला उचलता येईल ती तुमची."

मी पाठ टेकवून, पाय रोवून ती उभी केली. दम लागला. मिस्त्रींनी मान डोलावली आणि मग, ठाऊक असूनही विचारलं, "आणि चालवणार कुठे?"

जंगलात बंदी, नदीच्या पात्रात बंदी, शेताच्या बांधावर गेलं तर लोक काठ्या घेऊन मागे लागतात. आमच्या भागात कायद्याने चालवता येईल अशी जागा एकच, बंद पडलेली दगडाची खाण. मालकाने क्लबला रविवारची परवानगी दिली होती. ज्याची त्याने स्वतःची गाडी आणायची, तिचे कागद चोख हवेत, आणि पायी कोणालाही आत सोडायचं नाही. मी एकदा पायी गेले होते. पहारेकऱ्याने मला फाटकावरूनच परत पाठवलं. म्हणून तर गाडी.

"खाणीत," मी म्हणाले. "जिथे तो थांबला होता तिथे."

आता हे नीट सांगायला हवं. क्लबची एक पद्धत होती. सगळ्यात पुढे कप्तान, सगळ्यात मागे एक मुरलेला गडी. त्याला ते शेपूट म्हणायचे. फाटा आला की कप्तानाच्या मागचा माणूस तिथे थांबतो आणि हाताने इतरांना वाट दाखवत राहतो. सगळे पुढे जातात. शेवटी शेपूट येतं, मान हलवतं, तेव्हा तो सुटतो. शेपूट आल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्या रविवारी मधेच एक जण पडला, त्याचा पाय मोडला, आणि शेपूट त्याला घेऊन जवळच्या वाटेने दवाखान्याकडे पळालं. त्या धावपळीत प्रत्येकाला वाटलं, शेवटच्या फाट्यावरच्या माणसाला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल.

माझा नवरा तिथे थांबला. रात्री मला वाटलं, तोही त्यांच्याबरोबर दवाखान्यातच असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीवर बसलेलाच सापडला, हेल्मेट डोक्यावर, तोंड आल्या वाटेकडे. थंडीने हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. सगळे म्हणाले, नियमाचा पक्का माणूस.

पण तिथून फाटक हाकेच्या अंतरावर होतं हो! अंधार पडला, हात गारठले, तरी तो निघाला का नाही? नियमाचा पक्का होता, मूर्ख नव्हता. मग त्याला घरी यायचंच नव्हतं का? एवढा एक प्रश्न माझ्यात जिवंत होता. बाकी सगळं बधिर झालं होतं.

मिस्त्रींनी मला मोकळ्या मैदानात शिकवलं. मी पडले, उचलली, पुन्हा पडले. गुडघे सोलवटले तेही दुसऱ्या कोणाचे असावेत तसे बघत बसायची. पुढे क्लबची सभासद झाले, आणि एके दिवशी कप्तानाला म्हणाले, मला शेवटी येऊ द्या. तो कां-कूं करत होता. जुन्या शेपटाने क्लब सोडला होता, जागा रिकामीच होती.

"मी त्या फाट्यावर थांबतो," मिस्त्री म्हणाले. "येऊ द्या वहिनींना."

त्या रविवारी धुकं होतं. दुपार कलायला आली तरी उठलं नव्हतं. ओल्या दगडाच्या भुकटीचा वास सगळीकडे भरला होता, भिजलेल्या खडूसारखा. पुढच्यांचे आवाज दूर गेले आणि खाणीच्या भिंतींमध्ये माझ्याच इंजिनाचा आवाज घुमत राहिला. एकेका फाट्यावर एकेक जण उभा होता. मी मान हलवायची, तो सुटायचा, पुढे निघून जायचा.

शेवटच्या फाट्यावर मिस्त्री उभे होते. मी मान हलवली.

ते हलले नाहीत.

मी गाडी बंद केली. "मिस्त्री, निघा. मी शेवटची."

"तुमच्यामागे कोण आहे?"

"कोणी नाही."

"येतोय की..." त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं. आवाज अगदी सहज होता. "दिवा दिसतोय ना."

मी वळले. ज्या वाटेने मी एकटी आले होते, त्या वाटेवर धुक्यात एक पिवळट दिवा होता. खड्ड्यांतून येणाऱ्या गाडीचा होतो तसा वर-खाली होत होता. तो येत होता. म्हणजे जवळ येत होता असं नाही... पण येत होता. नजरेचे खेळ मला ठाऊक आहेत. मी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना तो स्वच्छ दिसला. आवाज मात्र नव्हता. माझ्या गाडीची तापलेली नळी तेवढी टिकटिकत होती, मग तीही थांबली.

"आला की निघू," मिस्त्री म्हणाले.

"हो. आलाच आहे."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी हवंसं वाटलं, आणि ते एवढंच होतं, की इथे थांबावं, त्याला येऊ द्यावं. अर्ध्यावर सोडून कसं जायचं? हात गार पडत होते ते कळत होतं. त्याचं काही वाटत नव्हतं. आत्ताच तर थांबलोय, दोन मिनिटं झाली असतील...

"अंधार पडला! कान फुटले का तुमचे?"

कप्तान होता. फाटकाच्या बाजूने उलटा आला होता. त्याने मिस्त्रींचा दंड धरून त्यांना खेचलं, माझ्या गाडीला स्वतः किक मारली. धुक्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. घाबरला होता म्हणून नव्हे, आमच्यावर चिडला होता म्हणून. फाटकावर पोचलो तेव्हा बाकीचे विजेऱ्या घेऊन आम्हाला शोधायला निघत होते.

त्या रात्री मी रडले. हंबरडा फोडून रडले, शेजारीण दार वाजवायला लागली इतकी. त्याला घरी यायचं नव्हतं असं नव्हतं. त्याला फक्त वाटलं होतं, एवढा आला की निघू.

पुढे खाण बंद झाली, मालकाने परवानगी काढून घेतली. मी गाडी विकली. मला जेवणाची चव लागायला लागली. झालं, संपलं असं मी धरून चालले होते.

परवा मिस्त्रींच्या बायकोचा फोन आला. "ताई, हे हल्ली घरीच येत नाहीत हो. दुकानातच बसून असतात. तुमचं ऐकतील, चला ना."

आम्ही दोघी गेलो. ती त्यांचा डबा घेऊन आली होती. शटर अर्धं ओढलेलं, आत मिस्त्री स्टुलावर बसलेले, हाताशी हत्यारं पुसून नीट मांडलेली. दाढी वाढली होती. ओठ थंडीत असल्यासारखे निळसर. तोंड बाहेरच्या बाजूला. त्या दुकानासमोर रस्ता नाही, गल्ली तिथेच संपते. समोर पलीकडच्या गोदामाची भिंत आहे, माणूस हात लांबवून टेकेल इतकी जवळ.

"चला घरी," मी म्हणाले.

"हो, निघतोच. एक गाडी यायचीय," ते म्हणाले. "आली की निघतो."

मी भिंतीकडे पाठ करून उभी होते. वळले नाही. वळावंसं फार वाटत होतं, म्हणूनच वळले नाही. त्यांच्या बायकोला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं, अक्षरही नाही. म्हटलं, तिला कशाला घाबरवायचं. आता ती आरडाओरडा करील, त्यांना हाताला धरून उठवील, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिने शटरखालून बाहेर पाहिलं. डोळे जरासे बारीक केले. कपाळावरची आठी गेली.

"अगंबाई, खरंच येतंय वाटतं कोणीतरी," ती म्हणाली. "एवढं आलं की निघू या हं, ताई."

आणि तिने डबा खाली ठेवला.