सशाला उपाशी ठेवू नये

"ते पुस्तक माझं आहे."

डॉक्टर सायलस ट्रेडवेलने मान वर केली. समोर चिखलाने माखलेले गुडघ्यापर्यंतचे बूट, त्यांच्यावर टपालखात्याचं निळं जाकीट, आणि त्याच्याही वर भिजलेले केस कानामागे सारत रागाने बघणारी एक मुलगी. आज ग्रंथालयात उजेड जरा जास्तच आहे असं सायलसला उगाचच वाटलं. बाहेर तर एप्रिलचा राखाडी पाऊस पडत होता.

"माझं म्हणजे... ग्रंथालयाचं असेल ना?" तो चाचरत म्हणाला.

"ग्रंथालयाचंच. पण बर्लिंग्टनहून मागवलंय मी! नऊ दिवस वाट बघितली. एवढंच काय, ते पार्सलसुद्धा माझ्याच गाडीतून आलंय."

"मी दिलं त्यांना," काउंटरवरून ऑसगुडबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्या हे ग्रंथालय सांभाळत होत्या. "अर्धा तास बघू का म्हणाले, बघू दिलं. कोरिन, भांडायचं असेल तर भांड, पण हळू आवाजात."

मुलीने पुस्तकाकडे पाहिलं, सायलसकडे पाहिलं, आणि मग सरळ शेजारची खुर्ची ओढून बसली. तिच्या जाकिटाला ओल्या लोकरीचा वास होता.

"ठीक आहे. दोघं मिळून बघू. पण पान मी उलटणार." तिने उघडं पान पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बदलला. "अय्या, तुम्हीपण सशाचंच वाचताय? तुमच्याकडे ससा आहे?"

"उद्या... असेल," सायलस म्हणाला. हे अगदी खरं होतं.

सात वर्षं या डोंगराळ मुलखात तो गाईंची डॉक्टरी करत होता. गोठे, खुरं, अडलेल्या गाई... त्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. पण फेब्रुवारीत दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले, आणि त्यांची कुत्री-मांजरं सायलसच्या गळ्यात पडली. उद्या सकाळी नऊ वाजता त्याच्या आयुष्यातलं सशाचं पहिलं ऑपरेशन होतं. कॉलेजात ससा हा विषय एका दुपारीच आटोपला होता, आणि त्या दुपारी सायलसला झोप लागली होती.

"माझा गव्हर्नर," मुलगी सांगत होती. "सहा वर्षांचा आहे. वागणंही नावासारखंच, सगळं गाव त्याच्या मालकीचं असल्यासारखं. मुतखडा झालाय त्याला, वाटाण्याएवढा. मागच्या आठवड्यात सोमवारी दवाखान्यात एक बदली डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी फोटो काढला. बर्लिंग्टनच्या सशांच्या डॉक्टरकडे तीन आठवडे वेळ नाही. तेवढा दम गव्हर्नरला निघणार नाही हो... म्हणून उद्या इथेच. तो नवीन करणार आहे."

"कोण नवीन?"

"तो गाईवाला. ट्रेडवेल. अजून तोंड बघितलं नाही मी त्याचं, पण टपाल लावताना माणूस कळतोच. त्याला तीनच गोष्टी येतात. खुरांवरचं मासिक, हातमोज्यांच्या जाहिराती, आणि दर आठवड्याला आईचं पत्र. तेव्हा माणूस वाईट नसावा." तिने नाक उडवलं. "पण सात वर्षं जो गाईंच्या मागच्या बाजूला उभा राहिला, त्याला सशाची पुढची बाजू तरी ओळखू येईल का?"

ऑसगुडबाईंना खोकला आला. त्यांनी सायलसकडे पाहिलं. सायलसने पुस्तकात तोंड घातलं.

शहाण्या माणसाने इथेच नाव सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण ती हसत होती, तिच्या डाव्या गालावर चिखलाचा एवढासा ठिपका होता, आणि नाव सांगितलं की ती उठणार हे त्याला दिसत होतं. एक मिनिट, तो स्वतःला म्हणाला. फक्त एक मिनिट आणखी.

तिने जाकिटाच्या खिशातून पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. 'तुम्ही घरी नव्हता' म्हणून टपालवाले दारात अडकवतात त्या चिठ्ठ्या. त्यांच्या पाठीमागे बारीक अक्षरात औषधांची नावं होती. तिने टेबलावर तीन ढीग लावले.

"हा 'चालेल'. हा 'अजिबात नाही'. आणि हा 'विचारायचं'. उद्या त्या ट्रेडवेलला एकेक करून विचारणार आहे. सुटका नाही त्याची."

"एवढी... तयारी?"

"करावी लागते." तिने एक चिठ्ठी उगाच सरळ केली. "आधी माझा पिकल होता. तेव्हा मी न्यू हॅम्पशायरला राहायचे. त्याच्या दाताला गळू झालं. डॉक्टर इतके गोड बोलायचे की काही विचारायची लाज वाटावी. पेनिसिलिनच्या जातीचं औषध दिलं त्यांनी, तोंडातून पाजायचं. माणसाला चालतं, कुत्र्याला चालतं... सशाच्या पोटातले चांगले जंतू मात्र त्याने मरतात. मला काय माहीत? मीच पाजलं. चार दिवस, या हातांनी. तो बिचारा शहाण्यासारखा प्यायचा."

दुधाने तोंड पोळलेली ती, आता ताकही फुंकून पीत होती, यात तिचं काय चुकलं? तिचा हात टेबलावर होता. आपला हात त्यावर ठेवावा असं सायलसला फार वाटलं, आणि ओळखपाळख नसताना असं वाटल्याबद्दल त्याचे कान तापले.

"आणि आता हे बघा!" तिने डोळे पुसून एक घडी घातलेला कागद त्याच्यापुढे आपटला. "काल दवाखान्यातून आला. 'आदल्या रात्री आठनंतर अन्नपाणी बंद.' अहो, ससा ओकूच शकत नाही, मग उपाशी कशाला ठेवायचा? उलट उपाशी ठेवला की त्याची आतडी बंद पडतात. हे मला, टपाल वाटणारीला कळतं. आणि यांनी खाली ऐटीत सही ठोकलीय!"

सायलसने ती सही पाहिली. मोठा 'ट', त्याच्याखाली लांब रेघ.

"ती सही..." तो म्हणाला, "माझी आहे."

तिने सही पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही..." तिचा चेहरा आधी पांढरा, मग लालबुंद झाला. "मी मगाशी जे गाईंच्या... त्याबद्दल..."

"ते खरंच आहे. सात वर्षं."

"आणि दहा मिनिटं तुम्ही गप्प ऐकत बसलात?"

"पंचवीस," ऑसगुडबाई म्हणाल्या.

कोरिन उठली. तीन ढीग भराभर एकत्र करू लागली, आणि त्या घाईत चिठ्ठ्या जमिनीवर सांडल्या. सायलस गुडघ्यांवर बसून त्या गोळा करू लागला. खालूनच तो म्हणाला, "तो कागद कुत्र्यामांजरांचा आहे, जुन्या डॉक्टरांच्या वेळचा. मी न वाचता सही केली. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. तुम्ही हे वाचलं नसतंत तर गव्हर्नर उद्या उपाशी आला असता. आणि त्या पानापर्यंत मी आज पोचलो असतो की नाही, देव जाणे."

ती थांबली. गोड बोलणारे ती ओळखून होती. हा प्रकार नवा होता.

"अ‍ॅट्रोपिन?" ती उभ्यानेच कडक आवाजात म्हणाली.

"भुलीच्या आधीचं ते इंजेक्शन पुष्कळ सशांच्या रक्तात टिकत नाही. त्याच्याऐवजी दुसरं आणलंय."

"ऑपरेशननंतर दुखलं तर?"

"मेलॉक्सिकॅम. पहिल्या दिवशी त्याहून जोरदार इंजेक्शन."

"मात्रा किती?"

सायलस जमिनीवरच बसून होता. हातात पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. "ठाऊक नाही," तो म्हणाला. "म्हणून तर इथे आलो. बर्लिंग्टनच्या त्या सशांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून ठेवलंय, उद्या ऑपरेशन संपेपर्यंत त्या माझ्याबरोबर फोनवर असतील. तरीही तुम्हाला भरवसा वाटत नसेल तर... दुसरीकडे न्या, मी नाही म्हणणार नाही."

तिने खुर्ची पुन्हा ओढली.

"या वर," ती म्हणाली. "मात्रा बघू."

त्या दिवशी ग्रंथालय बंद व्हायला वीस मिनिटं उशीर झाला. ऑसगुडबाईंना घड्याळ दिसलंच नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी साडेआठला कोरिन आली. टोपलीत गव्हर्नर वाळलेलं गवत चघळत होता. दवाखान्यातल्या डॉटने सवयीने विचारलं, "उपाशी आहे ना?" आणि आतून सायलस ओरडला, "डॉट, तो कागद फाडून टाक म्हटलं ना!" कोरिनला हसू फुटलं. पण टोपली त्याच्या हातात देताना तिची बोटं सुटेनात.

"द्या," तो हळूच म्हणाला. "गाईइतकाच जपेन."

पावणेअकराला तो बाहेर आला तेव्हा त्याची टोपी घामाने भिजली होती. त्याने मूठ उघडली. तळहातावर तो खडा होता. कोरिनने त्याचा हात खड्यासकट दोन्ही हातांत धरला. डॉटला तेवढ्यात मागच्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

पण हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. सशाने ऑपरेशननंतर खायला हवं, आणि त्याहून मुख्य म्हणजे लेंड्या टाकायला हव्यात. त्या पडल्या की आतडी चालू झाली. त्या नाही पडल्या तर सगळं मुसळ केरात. बारा वाजले, दोन वाजले... गव्हर्नर कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता. खाली अंथरलेला टॉवेल स्वच्छ. इतका स्वच्छ टॉवेल पाहून एवढं दुःख झालेली माणसं त्या दवाखान्याने पूर्वी पाहिली नसतील.

"घरी न्या याला," तीन वाजता सायलस म्हणाला. "इथल्या कुत्र्यांच्या आवाजाने तो बिचकतोय. इंजेक्शन दिलंय, तोंडातली औषधं सिरिंजमध्ये भरून ठेवलीत." बोलताना त्याने पिवळ्या चिठ्ठीवर वेळा लिहिल्या. तिने त्या आपल्या चिठ्ठीशी ताडून पाहिल्या. जुळल्या. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या खोऱ्यात लॅमॉन्ट म्हाताऱ्याची गाय अडली होती.

"तिथे मोबाइल लागत नाही, आणि लॅमॉन्टचा घरातला फोन गोठ्यात ऐकू येत नाही," सायलस कसनुसा झाला. "तुम्हाला काही लागलं तर..."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "तीसुद्धा कुणाची तरी गव्हर्नरच आहे."

लॅमॉन्टच्या गोठ्यात सायलस खांद्यापर्यंत हात घालून वासराचा पाय शोधत होता. तोंडाने गाईला चुचकारत होता, आणि कान मात्र रस्त्याकडे होते.

"लक्ष कुठाय डॉक्टर?" लॅमॉन्टने विचारलं.

"एका सशाकडे."

"सशाकडे?" म्हातारा मिशीत हसला. "काल ऑसगुडबाईंचा फोन आला होता मला. ससा काय रंगाचा आहे, सांगा बघू?"

सायलसला आठवेना. तिच्या गालावरचा चिखल कुठल्या बाजूला होता ते मात्र पक्कं आठवत होतं.

सहाच्या सुमाराला वासरू सुटलं. ओलं, लटपटणारं, पण जिवंत. गाय त्याला चाटू लागली, आणि तेवढ्यात खालच्या रस्त्यावर मोटारीचं चाक चिखलात फिरफिर फिरल्याचा आवाज आला. मग दार लावल्याचा. मग बूट चिखलातून उपटत कुणीतरी चढावर येत होतं.

कोरिन दारात उभी राहिली. धापा टाकत होती. पावसात तिचा चेहरा वाचता येत नव्हता. तिने जाकिटाच्या आतून, छातीशी धरलेलं एक पाकीट काढलं.

"ट्रेडवेल, सायलस," ती म्हणाली. "टपाल."

खांद्यापर्यंतचे हातमोजे ओरबाडून काढत त्याने बादलीत हात बुडवले, शर्टाला पुसले, पाकीट उघडलं आणि तळहातावर उपडं केलं.

गोल, कोरड्या, तपकिरी. नऊ लेंड्या.

"साडेपाचला चार," ती म्हणाली, "आणि पाच मिनिटांनी आणखी पाच! मग कोथिंबीर खाल्ली, सगळी जुडी! आणि माझ्या बोटाला चावला, सायलस, असा कडकडून चावला! ऑसगुडबाई बसल्यात त्याच्यापाशी. मला राहवेना. तुला आत्ताच सांगायचं होतं..."

सायलस हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि हातात लेंड्या असल्यामुळे ते पुसताही येईनात. इतकी सुंदर डाक त्याला जन्मात कधी आली नव्हती. हे तो मोठ्याने बोलूनही गेला. आईची क्षमा मागून.

"मिरी आहे का ती?" लॅमॉन्टने डोकावून विचारलं.

"काल मी नाव सांगितलं नाही," सायलस म्हणाला, "ते तू उठून जाशील म्हणून. पुस्तकात काय होतं ते त्या वेळी मला एक अक्षर दिसत नव्हतं. तू शेजारी बसली होतीस, आणि मला वाटत होतं... असंच बसून राहावं. आजही वाटतंय. मला तू फार आवडतेस, कोरिन."

ती दोन पावलं पुढे आली. त्याच्या शर्टाला गोठ्याचे सगळे वास होते. तिने ते मनावर घेतलं नाही. टाचा उंचावून तिने त्याच्या गालावर ओठ टेकले, आणि मग, गाल पुरेसा नाही असं ठरवून, ओठांवर. लॅमॉन्ट वासराच्या कानात काहीतरी सांगण्यात अगदी गुंतून गेला.

"रविवारी... टाके बघायला येऊ?" बऱ्याच वेळाने सायलसने विचारलं.

"टाके सोमवारी दवाखान्यात दाखवेन मी," ती म्हणाली. "रविवारी माझ्यासाठी ये."

"किती वाजता?"

"जेवण एकला असतं." तिने त्याच्या शर्टाचं बटण नीट लावलं, मग पुन्हा काढलं. "पण मी सकाळपासून घरीच आहे."

"मग सकाळीच येतो," सायलस म्हणाला.