सुनीलची सिस्टीम

जामखेडला उन्हाळ्याच्या भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशाच एका दुपारी हर्षल जेवण उरकून, खिशात पेनड्राइव्ह टाकून रुपाली वहिनीकडे आला. काम साधं होतं. रुपालीच्या घरच्या कंप्युटरमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टीम होत्या, त्यातली एक काढून टाकायची.

ती नकोशी सिस्टीम तिच्या नवऱ्याने, सुनीलने घातलेली. माणूस मोठा हौशी, आणि त्याचा हात त्याहून हौशी. कंप्युटर सुरू केला की पडद्यावर दोन नावं यायची. रुपालीने झटकन बटण दाबून आपली सिस्टीम निवडली नाही, तर सुनीलची उघडायची आणि पासवर्ड मागत बसायची. तो कुणालाच ठाऊक नव्हता. विचारायची सोयही उरली नव्हती. हिवाळ्यात बीड रोडवर टेम्पोने त्याला उडवलं होतं. रुपाली चारचौघांत रडली, पण खरं सांगायचं तर त्या रात्री तिला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. आता टायपिंगची कामं घ्यायची, लेकीला वाढवायचं, आणि सृष्टीने या घरात पुन्हा कधी मारहाण बघायची नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

अडचण एकच होती. दहाव्याला सुनीलच्या पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू, पोरीला शिकवू, सगळी वचनं देऊन झाली. ऊन डोक्यावर आलं, तरी कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. शेवटी हर्षलनेच हात जोडले. "दादा, तुझ्या कंप्युटरला कुनी हात लावनार न्हाई." तसा एक कावळा झपकन खाली आला.

"भावजी, ते वचन..." खुर्चीमागे उभ्या रुपालीने हळूच आठवण करून दिली.

"मेलेल्या मानसाला काय कळतंय, वहिनी? मी दिलं, मीच मोडतो."

हर्षल हसला. त्याने आधी पेनड्राइव्ह लावून तिची सिस्टीम आपोआप सुरू होईल असं करून घेतलं. मग डिस्कवरचा सुनीलचा भाग निवडला आणि पुसून टाकला.

कंप्युटरच्या डब्यातला पंखा घरघरू लागला. तापलेल्या धुळीचा वास आला, आणि त्यामागून सुनीलच्या चुना-तंबाखूचा. हर्षल तर सुपारीसुद्धा खात नसे.

"भावजी... झालं का?"

खुर्ची गर्रकन फिरली आणि डाव्या हाताची थप्पड रुपालीच्या कानशिलात बसली. अगदी डावखुऱ्या सुनीलच्या हाताची. ती शेजारच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आदळली. त्याने वेणी मनगटाला गुंडाळून तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"कुनाला इचारून?" आवाज हर्षलचा, बोलणं सुनीलचं. "कुनाला इचारून?"

तिचा दात तुटून जिभेवर आला. चाचपडताना हाताला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता लागला आणि तिने तो जीव खाऊन हाणला. हर्षल कोसळला, वेणी सुटली. खोलीतला तंबाखूचा वास एकाएकी गेला.

"वहिनी... मी हाय... हर्षल..."

त्याने हात आडवा धरला. दुसऱ्या घावाला मनगट कडाडलं. हा आपला साधाभोळा दीरच आहे, हे रुपालीला स्पष्ट कळत होतं. तिला थांबायचं होतं, देवाशपथ थांबायचं होतं. पण बत्ता पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. रक्ताचे शिंतोडे पडद्यापर्यंत उडाले. तिच्या तोंडात रक्ताबरोबर चुना चरचरू लागला, आणि तिच्याच ओठांतून शब्द फुटले, "कुनाला इचारून?"

आतल्या खोलीत झोपलेली सृष्टी दारात येऊन उभी राहिली होती. तिने किंकाळी फोडली नाही. खाली पडलेल्या काकाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे, आणि भिंतीला पाठ लावून हात जोडले.

"पप्पा," ती म्हणाली, "काकाला सोडा ना... मी न्हाई कुनाला सांगनार..."