मधला कागद

औषध रोज दिलं जात होतं. मग ते केतकीच्या रक्तात सापडत का नव्हतं? टिटवीला हे कोडं सुटेना. टिटवी म्हणजे चाकांवर फिरणारी यंत्रपरिचारिका. जंतूंच्या भीतीने केतकीच्या काचेच्या खोलीत माणूस कुणी येत नसे. आई काचेपलीकडून हात हलवायची आणि डोळे पुसायला वळायची. आत होता तो टिटवीचा गार हात.

"तुझ्या दादाने तुला दिलेल्या पेशी कमी होताहेत," टिटवी म्हणाली. "अशाने त्या टिकणार नाहीत."

केतकी भिंतीकडे तोंड करून पडली. कोड्याचं उत्तर तिच्या उशीच्या अभ्र्यात होतं.

काचेपलीकडे तिचे आबा, मधमाश्या पाळणारे, खुर्ची ओढून बसले. भिंतीतल्या ध्वनियंत्रातून त्यांचा आवाज आला, "काय लपवलंयस, बाय?"

केतकीने उशीच्या अभ्र्यातून गोळ्या काढल्या. "टिटवीच म्हणाली, या गोळ्या रखवालदार पेशींना झोपवतात. मला त्या जाग्या हव्या होत्या. त्यांनी जंतू मारले की आई आत येईल."

टिटवीने डोळ्यांचे दिवे मंद केले. "मी अर्धंच सांगितलं. तुझी मज्जा (हाडातला मऊ गर, जिथे रक्त बनतं) बिघडली होती. म्हणून दादाच्या मूळ पेशी (ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी घडतात) तुला दिल्या. पण प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिनांच्या खुणा असतात. दादाच्या खुणा तुझ्याशी बऱ्याच जुळतात, सगळ्या नाहीत. तुझे थोडे जुने रखवालदार अजून उरलेत. ते या पेशींवर तुटून पडतात. त्याला अस्वीकार (परक्या पेशी शरीराने नाकारणं) म्हणतात."

"दादा परका आहे होय?"

"रखवालदारांना नातं कळत नाही. खुणा कळतात."

आबा खाकरले. "गेल्या वर्षी दोन पेट्यांतल्या माश्या एकत्र केल्या, तेव्हा मध्ये वर्तमानपत्र का घातलं होतं?"

"माश्या वासावरून परकी माशी ओळखतात आणि मारतात. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हीकडच्या माश्यांचा वास एक होतो."

"आणि तू काय केलंस?"

केतकीचा आवाज बारीक झाला. "मला धीर नव्हता. कागद ओढून काढला." सकाळी पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. "मग या गोळ्या म्हणजे कागद?"

"बराचसा," टिटवी म्हणाली. "पुढे दादाच्या पेशींपासून नवे रखवालदार घडतील. त्यांनीही तुझ्या शरीराला परकं मानू नये, म्हणून हेच औषध. ते रुळले की आपण औषध हळूहळू थांबवू. कधीतरी पेशींनाच ओळख शिकवता येईल. मग अशी काच लागणार नाही."

"मारलेल्या पेशी परत येतील?"

"उरलेल्या वाढू शकतात. नक्की सांगता येत नाही."

केतकीने नवी गोळी घेतली आणि तोंड उघडून टिटवीला दाखवलं. मग म्हणाली, "आबा, काचेला बाहेरून वर्तमानपत्र लावा. दादाच्या पेशी वाढायला लागल्या की रोज थोडंच फाडायचं. मी ओढणार नाही."

दुसऱ्या दिवशी काचेवर अख्खं पान होतं. खोली आणखीच एकटी वाटली. केतकी त्याकडे बघत पडून राहायची.

बऱ्याच दिवसांनी टिटवी म्हणाली, "दादाच्या पेशी वाढताहेत." त्याच दुपारी कागदाच्या कोपऱ्यात करंगळीएवढं भोक पडलं, आणि त्यातून आईचा एक डोळा आत बघू लागला. या वेळी तो वळला नाही.