सोमवारचा फोन

झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती म्हणून, की शरयूचं लक्षच ठिकाणावर नव्हतं म्हणून, कोण जाणे, पाकिटांची अदलाबदल झाली. घरी येऊन तिने पाकीट उघडलं तर आत बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती नव्हत्या. होतं ते डब्लिनच्या एका कॉलेजचं प्रवेशपत्र. एमबीए, जानेवारीची तुकडी. तिच्याच कॉलेजचं! नाव तेवढं वेगळं – हरिओम भुजंगराव, मुक्काम तीर्थपुरी.

ती ते नाव पुन्हा वाचत होती तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, मी हरिओम बोलून राह्यलो. पाकिटात बँकेचा अर्ज होता, त्यावर तुमचा नंबर होता. तुमचे कागद माझ्याकडं आल्ते... म्हंजी, तुमच्या वडिलांचे."

शेवटचे दोन शब्द त्याने इतके हळू उच्चारले की शरयूला खुर्ची ओढून बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो नवीन जालन्यातल्या तिच्या घरी आला. प्रती त्याने नव्या कोऱ्या फाइलमध्ये ठेवल्या होत्या. मोटारसायकलवरून येताना ती फाइल त्याने शर्टाच्या आत धरली होती, हे आईने आधी पाहिलं.

"घडी पडू दिली न्हाई," तो म्हणाला.

शरयूच्या बाबांना, भालचंद्ररावांना जाऊन तीन आठवडे झाले होते. शरयू डब्लिनहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पहिलं सत्र अर्धवट सोडून ती आली होती. आता जानेवारीत परत जायचं, की आईजवळ राहायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. आई तिला चहाबरोबर रोज एकदा "जा" म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवायची.

हरिओम एका बियाणे कंपनीत नोकरीला होता. शनिवार-रविवार गावी, मोसंबीच्या बागेत. व्हिसाची वाट पाहत होता. ती तिथेच शिकते हे कळल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर बावीस प्रश्न होते.

"इतके?"

"हे तर आजचे हायेत."

मग तो ऑफिस सुटल्यावर येऊ लागला. वऱ्हांड्यात आई मटार सोलत बसायची आणि शरयू त्याला परदेश शिकवायची. खोली बघताना आधी भिंतींची ओल बघायची. छत्री घ्यायची नाही, वारा उलटी करतो. गटात काम करताना गप्प बसलं की त्यांना वाटतं, याला काही येत नाही.

"आणि कुणी 'कसे आहात' विचारलं, तर खरं सांगत बसायचं नाही. मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, ग्रंथालयातल्या बाईंना. झोप येत नाही, पोळ्या करपतात... बिचाऱ्या घरी जायच्या घाईत कोट घालून उभ्या होत्या."

"मंग विचारतात कशाला?"

"रीत आहे. विचारायचं आणि पुढे जायचं."

"आमच्याकडं इचारलं की चहा होईपर्यंत बसावं लागतं."

"आणि बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं. सगळे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी तो हसत हसतच आला. सरावासाठी रिक्षातून उतरताना त्याने मोठ्याने 'थँक्यू भाऊ' म्हटलं होतं. रिक्षावाला म्हणाला, थँक्यू खिशात ठेव, आधी भाडं काढ!

शरयू हसली. आईचे मटार सोलणारे हात थांबले. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज झाला होता.

"मी काय म्हणून राह्यलो –"

"'म्हणतोय' म्हणा ना. तेवढंच लवकर संपतं."

"संपतं, म्हणूनच न्हाई म्हणत." तो तिच्याकडे पाहत होता. "'बोलतोय' म्हंजी बोललं अन् फोन ठेवला. 'बोलून राह्यलो' म्हंजी... राह्यलो. बसलो इथंच."

तिने नजर वळवली. मटाराचा एक दाणा घरंगळत त्याच्या पायाशी गेला. तो त्याने उचलला आणि का कोण जाणे, परत टाकला नाही.

डिसेंबर संपता संपता त्याचा व्हिसा नाकारला गेला.

त्याने ते फोनवर सांगितलं नाही. शरयूने शेवटी जायचं ठरवलं होतं; त्याने स्टेशनवर सांगितलं, तिच्या गाडीच्या वेळेला. आई डब्यात बॅगा लावत होती.

"सप्टेंबरच्या तुकडीला परत अर्ज करतो. बागेचं पाणी तोडलंय सध्या. मोसंबीला ताण द्यावा लागतो. पानं पिवळी पडतात, पाहणाऱ्याला वाटतं, गेलं झाड. मंग पाणी सोडलं की..."

"की?"

"तुम्ही असता तर दाखवलं असतं."

किती सोपं होतं... 'येईन', एवढा एक शब्द. पण ती भलतंच बोलली.

"फोन करत जा. फक्त रविवारी संध्याकाळी सहाला नको. तेव्हा बाबांचा फोन यायचा. जेवलीस का, हीटर चालू आहे ना... ती वेळ त्यांची आहे."

"बिलकुल न्हाई करणार," हरिओम म्हणाला. "सोमवारी करीन."

आणि तो सोमवारीच करत राहिला. डब्लिनमध्ये ती नव्या खोलीत राहायला गेली, ओल तपासून. वर्गात बोलू लागली. 'कशी आहेस'ला 'छान' म्हणून पुढे जायला शिकली. रविवारी साडेबाराला – जालन्यात सहा वाजता – ती फोन टेबलावर पालथा ठेवायची. तो वाजायचा नाही. सोमवारची वाट मात्र ती रविवारपासूनच पाहू लागली होती, हे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती बसमधून उतरली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "थँक्यू, भाऊ."

चूक लक्षात आली तेव्हा बस निघून गेली होती. शरयू थांब्यावर तशीच उभी राहिली. घड्याळात साडेबारा वाजले होते.

तिने फोन लावला.

"मॅडम?" पलीकडे तो गडबडला. "आज रविवार हाय. सहा वाजलेत."

"माहीत आहे."

"काय झालं? बऱ्या हायेत ना?"

हा प्रश्न विचारून तो पुढे जाणार नव्हता. त्याच्या मागून बारीक गुणगुण ऐकू येत होती.

"तो आवाज कसला?"

"मधमाश्या. पाणी सोडल्तं ना, बहार आलाय. पांढरं झालंय सगळं... तुम्ही रडून राह्यल्या का?"

"नाही. हो." तिने डोळे पुसले नाहीत. "आठवण येऊन राह्यलीय."

तिच्या तोंडून 'राह्यलीय' त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"बाबांची?" त्याने हळूच विचारलं.

"...त्यांचीही."

मधमाश्या गुणगुणत होत्या. मग मातीवर कुणीतरी बसल्याचा, पाठ झाडाला टेकवल्याचा आवाज आला.

"ठेवू नका फोन," हरिओम म्हणाला. "मी बसून राह्यलो."