आईंची टेप

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग सांगते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. आणि त्या दुपारी मी करायला बसले होते ते काम तर अगदीच रुक्ष होतं. जुनी व्हिडिओ टेप घरच्या कॉम्प्युटरवरून डिस्कवर उतरवायची, एवढंच.

कारण होते सासरे. एकदा जेवता जेवता त्यांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला. "तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो गं," ते म्हणाले, "पण आवाज... आवाज काही केल्या आठवत नाही." सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला मात्र त्यांचा आवाज झोपेतही ऐकू येईल, कारण माझ्या एकाही कामात त्यांनी चूक काढली नाही असं झालं नाही. भांड्याला भांडं लागायचंच, पण जीव होता आमचा एकमेकींवर.

त्यांचा आवाज असलेली एकच टेप घरात होती. नणंदेच्या नवऱ्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा घरभर फिरून काढलेली. दुरुस्तीवाल्याने ती उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "बुरशी आलीय, वहिनी. पुसून देतो. पण एकदाच चालेल, दुसऱ्यांदा मला विचारू नका."

नवरा कामावर गेला होता. टीव्हीवर उजेड पडत होता म्हणून मी पडदे ओढून घेतले, व्हीसीआर एकीकडे टीव्हीला आणि दुसरीकडे कॉम्प्युटरला जोडला आणि बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, शेजारी खुर्चीत बसवलं. टेप उतरवताना घाई चालत नाही, ती जेवढी आहे तेवढा वेळ बसावंच लागतं. व्हीसीआर घरघरत होता. तापलेल्या धुळीचा आणि बुरशीचा वास खोलीत हळूहळू पसरत गेला. बराच वेळ पडद्यावर नुसत्या रेघा, आणि मग एकदम आई, पदराला हात पुसत.

"माझं काय काढताय मेलं? जा, त्या झाडांचं काढा!"

बाबा ताठ झाले. मग तोंडावर हात दाबून रडू लागले, आवाज न करता. मला बघवेना. पटकन उठून मी पाण्याचा पेला घेऊन आले. ते घोटभर प्यायले. पडद्यावर आई पाठमोऱ्या बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. तेवढ्यात खरखर झाली आणि व्हीसीआरने टेप खाल्ली. पट्टीचा पार चुरा झाला.

"असू दे," बाबा म्हणाले. "उतरली ना?"

"उतरली, बाबा," मी म्हणाले, आणि माझं लक्ष टेबलावर गेलं. आवाजाची वायर तिथेच पडली होती. मी कॉम्प्युटरला नुसती चित्राची वायर लावली होती. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आता या माणसाला काय सांगू?

"लाव की," ते म्हणाले.

डिस्क तयार झाली, ती मी लावली. आणि आवाज आला! जरा लांबून, खोलीत घुमल्यासारखा, पण आईंचाच. मग उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या माइकने खोलीतलं सगळं टिपून घेतलं होतं. जीव भांड्यात पडला. बाबा लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "हीच! अश्शीच खेकसायची माझ्यावर!"

पुढे बाबांचं हुंदके गिळणं ऐकू आलं. आणि त्यावर, अगदी माइकजवळून, स्वच्छ, न घुमणारा आवाज...

"अगं, पाणी दे त्यांना. ठसका लागेल."

त्यापाठोपाठ माझा आवाज. "हो आई, देते."

खुर्ची सरकली. माझी पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

मी आपणहून उठले होते हो. मला कुणी काही सांगितलं नव्हतं... मी तोंडही उघडलं नव्हतं. मी बंद करायला हात पुढे केला, तर बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कित्येक वर्षांत इतका निवांत मी तो पाहिला नव्हता.

डिस्कमध्ये बाबांचाच आवाज हळूच म्हणाला, "आलीस?"

"पुढचं तू ऐकू नकोस, बाळ," बाबा मला म्हणाले. "ते आमचं आहे."

मी बाहेर आले, दार लोटलं. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांना आवाज मिळाला होता. मी चहा टाकला. दाराआडून दोघांची कुजबुज येत होती, मध्येच आईंचं हसू. चहा उकळला, गाळला, कपात निवून गेला.

टेप चालू होती तेव्हा पेला भरून मी उभ्या उभ्या परत फिरले होते. आत मात्र दोघं बोलतच होती, आणि डिस्कमध्ये पाणी घेऊन मी अजून परत आले नव्हते.