व्हरांड्याचे ठसे

गोव्यात साखळी गावापासून थोडं आत, खाणीच्या रस्त्याला लागून आमची प्राथमिक शाळा आहे. मी तिथे दुसरीला शिकवते. शुक्रवारी दुपारी हस्तकला. त्या दिवशी मुलांना ठसे घ्यायला शिकवलं होतं. वस्तूवर पातळ कागद धरायचा, मेणखडू आडवा करून घासायचा, की खालची नक्षी वर येते. फणसाचं पान, नाणं, भिंतीचा चिरा. मुलं हात रंगवून पळत होती.

गौरवीच्या कागदावर बारीक रेषा होत्या, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. तिचे वडील खाणीवर ट्रक चालवतात. माणसं मूळची सावंतवाडीकडची.

"कुठल्या झाडाची साल ही?" मी विचारलं.

"साल नाय, टीचर. ह्यां भुंयचां." तिने व्हरांड्याकडे बोट दाखवलं.

व्हरांड्याला साधं सिमेंट. मुलांच्या पायांनी झिजून तुळतुळीत झालेलं. मी तळहात फिरवून पाहिला, काही लागलं नाही. मग कागद टाकून मीच घासलं. केस उमटले. आखूड, दाट केस, आणि त्यांतून तिरका गेलेला एक गडद पट्टा.

सिमेंट ओढताना राहिलेल्या खुणा असतील, ओल असेल, असं मी स्वतःला सांगत होते. तोवर सगळा वर्ग व्हरांड्यात पसरला होता. कुणी गडबड करत नव्हतं. खडूंची खसखस तेवढी ऐकू येत होती.

सुटायच्या आधी आम्ही ते कागद पटांगणात एकाला एक लावून मांडले, वर दगड ठेवले. कडा आपोआप जुळत गेल्या. कोठीच्या खोलीपाशी शेपूट, मधे पाठ, आणि आमच्या वर्गाच्या दाराशी डोकं. पंजांवर हनुवटी टेकून एक वाघीण निजली होती. जिवंत वाघिणीच्या कितीतरी पट मोठी.

मला भीती वाटली नाही. देवळात गाभाऱ्यासमोर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं.

हेडमास्तर गुरुदास सर आले. शेपटापासून डोक्यापर्यंत कागदांच्या कडेने चालत गेले.

"तुम्ही काढून दिलंत, देवकी टीचर?"

मी त्यांच्या हातात खडू दिला. ते दाराशी ओणवे झाले, घासू लागले. मिशीचा एक लांब केस उमटला. सरांनी खडू खाली ठेवला आणि पायांतल्या चपला काढल्या.

"सोमवारी फरशीवाले येणार आहेत," ते हळूच म्हणाले. "हे सिमेंट फोडायचं ठरलंय."

"थांबवा ना, सर."

"काय सांगून थांबवू?"

सोमवारी भिकाजी मिस्त्री मशीन घेऊन आला. सर ऑफिसात फोनवर विनवण्या करत होते. मशीन लावायचं म्हणून वर्गाची वीज बंद केली होती, पंखे थांबले होते. कोठीच्या बाजूला मशीन सुरू झालं.

वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकाच वेळी पाय उचलून बाकावर घेतले.

मी बाहेर धावले. "बंद करा!"

"मगे काम करूचां काय नाय?" भिकाजी वैतागून म्हणाला. तेवढ्यात सर आले. फरशी नको म्हणाले, लिहून देतो म्हणाले. मशीन थांबलं.

शेपटाच्या जागी वीतभर सिमेंट उडालं होतं. तिला लागलं असेल का, हाच विचार माझ्या डोक्यात होता. मी शेजारीच कागद टाकून घासला. कोरं सिमेंट उमटलं. पुढे सरकले. पाठीच्या जागी कोरं. पंजांच्या जागी कोरं. दारापर्यंत कुठेही एक केस नव्हता.

माझे डोळे भरून आले.

"टीचर," वर्गातून गौरवी कुजबुजली.

ती वर्गाच्या मधोमध उकिडवी बसली होती. समोर जमिनीवर तिचा कागद होता, केसांनी गच्च भरलेला. बाकीची मुलं पाय वर घेऊन, श्वास रोखून बघत होती.

वारा नव्हता. कागद सावकाश वर येत होता आणि सावकाश खाली बसत होता.